ड्रेनेज लाइन: स्वतः तपासावी की कॅमेरावाला बोलवावा?

प्रश्न: जुळे सोलापुरात आमचं पंचवीस वर्षांपूर्वीचं बैठं घर आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी धुणं-भांडी एकदम निघतात आणि बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं. एरवी काही त्रास नाही. प्लंबर म्हणतो, कॅमेरा घालून सगळी लाइन तपासा. आधी स्वतः बघता येईल का?

उत्तर: येईल, आणि आधी स्वतःच बघा. नेमका कुठला टप्पा अडतोय हे कळल्याशिवाय कॅमेऱ्यावर खर्च करू नका. लाइन पूर्ण चोकअप असती तर रोजच तुंबली असती. पाण्याच्याच दिवशी तुंबते, म्हणजे ती अर्धवट अडलीय किंवा मध्येच खचलीय. थोडं पाणी वाहून जातं, लोंढा आला की मागे फिरतं. म्हणून तपासणीही पाण्याच्याच दिवशी करा.

रबरी हातमोजे घाला, सोबत एक माणूस ठेवा. पहारीनं चेंबरची (ड्रेनेज लाइनीतल्या तपासणीच्या खड्ड्यांची) झाकणं उचलून पंधरा-वीस मिनिटं बाजूला थांबा. जवळ काडी, विडी नको आणि डोकं आत घालायचं नाही. सुरुवात गेटजवळच्या शेवटच्या चेंबरपासून करा. तोच तुडुंब भरलेला असेल तर बहुधा दोष पुढे, महापालिकेच्या लाइनीत आहे. तिथं तुमचा कॅमेरा काय करणार? झोन ऑफिसला तक्रार द्या. तो रिकामा आणि आतला भरलेला असेल, तर गडबड या दोहोंमध्ये आहे.

पाणी ओसरल्यावर बादलीभर (साधारण 15 लिटर) पाण्यात नीळ कालवून वरच्या, म्हणजे घराकडच्या चेंबरात एकदम ओता. दुसऱ्यानं खालच्या चेंबरवर नजर ठेवायची. रंग चटकन, एका झोतात आला तर लाइन मोकळी. रेंगाळत, थोडाथोडा आला तर पाणी मध्ये साचतंय. संडास, बाथरूम, मोरी यांची पाळी वेगवेगळी घ्या. एखाद्याचा रंग चेंबरात उतरलाच नाही, तर ती जोडणी मध्येच तुटलीय किंवा भलतीकडे गेलीय.

दोन चेंबरमधली लाइन सरळ असेल तर आरशाची युक्ती करा. वरच्या चेंबरात पाईपच्या तोंडाशी टॉर्च धरायचा, खालच्या चेंबरात काठीला बांधलेला आरसा तिरका. पूर्ण गोल दिसला तर पाईप सरळ आहे. गोलाऐवजी अर्धा चंद्र दिसत असेल आणि खाली पाणी चकाकत असेल, तर पाईप खचलाय. शहरात जिथं काळी माती आहे तिथं हे नवल नाही. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुने चिनीमातीचे पाईप जेमतेम दोन-तीन फुटी, सांधे सिमेंटचे, ताठ. माती हलली की सांधा उकलतो. पीव्हीसीला सांधे कमी, पण खाली वाळू न घालता टाकलेला पाईपही बसतो. उतार गवंड्याच्या लेव्हल पाईपनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) मोजा. 110 मिमी पाईपला साधारण 40 ला 1, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. चेंबर सहा मीटरवर असतील तर 15 सेंटिमीटर फरक हवा. टोकांना उतार बरोबर आणि आत अर्धा चंद्र, म्हणजे मधला भाग बसलाय.

मोबाईलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप (तारेच्या टोकाला बारीक कॅमेरा) जाळीच्या तोंडाशी बघायला ठीक. पुढे तार मऊ पडून वळसे घेते, भिंग घाणीनं माखतं, आणि कॅमेरा जमिनीखाली कुठं आहे हे कळत नाही.

लाइन फरशीखालून जात असेल, फरशी बसत असेल, पिंपळ-कडुलिंबाची मुळं जवळ असतील किंवा साफ करूनही महिन्याभरात पुन्हा तुंबत असेल, तर मात्र कॅमेरावाला बोलवा. जुनं घर विकत घेतानाही. पहिली अट: आधी जेटिंग (जोराच्या पाण्याच्या झोतानं लाइन धुणं), मग कॅमेरा, गाळात बुडालेला कॅमेरा काळोखच दाखवतो. दुसरी: पडद्यावर मीटरचे आकडे हवेत आणि कॅमेऱ्याच्या टोकाला ट्रान्समीटर (जमिनीवरून पकडता येणारा संदेश सोडणारं यंत्र), म्हणजे दोषाची जागा जमिनीवर खडूनं आखता येते. संपूर्ण व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्या. जो तपासतो तोच ‘सगळी लाइन बदला’ म्हणाला, तर तो व्हिडिओ दुसऱ्या प्लंबरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. आणि लाइन मोकळी करायला ॲसिड ओतू नका. साचलेल्या मैल्यातून विषारी वायू सुटतो, सिमेंटचे सांधेही खातं.

प्रश्न: नळाचं पहिलं पाणी गढूळ येतं, कधी वासही येतो. ड्रेनेजचा संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. पाणी बंद असतं तेव्हा नळाची पाईपलाइन रिकामी राहते, आणि तिला भोक असेल तर शेजारच्या गळक्या गटाराचं पाणी आत शिरतं. पहिलं पाणी सोडून द्या, पिण्याचं उकळा, आणि दोन्ही पाईप जिथं एकमेकांना ओलांडतात तिथलं ड्रेनेज आधी तपासा.

प्रश्न: सेप्टिक टँक आहे. माणूस आत उतरवून बघून घेतलं तर स्वस्तात होईल, असं शेजारी सांगतात.

उत्तर: अजिबात नको. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवून टाकी साफ करून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हायड्रोजन सल्फाइड हा मैल्यातला विषारी वायू वाढला की नाकाला त्याचा वास येणंच थांबतं, म्हणून ‘वास नाही, उतर’ हा हिशेब जीव घेतो. व्हॅक्यूमची गाडी मागवून टाकी उपसा, मग वरूनच टॉर्च टाकून भिंती आणि मधला आडोसा बघा. गाडी मिळत नसेल तर 14420 ही हेल्पलाइन आहे.