एकाशी मिटलं, दुसरा अजून उभा आहे

प्रिय,

तुझा मसुदा वाचला, खटला काढून घेण्याचा कागद आणि तडजोडीचा करार दोन्ही. ब्युरोशी तडजोड झाल्याचा आनंद त्यात दिसतो, आणि घाईही. आपल्या अशिलाच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, खोटी थकबाकी छापणारा क्रेडिट ब्युरो आणि ती कळवणारी बँक, असे दोन प्रतिवादी. अमेरिकेच्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टमध्ये दोघांची जबाबदारी वेगळ्या कलमांत आहे. ब्युरो बाहेर पडला तरी बँकेवरचा दावा उरतो. आपल्याच कागदाने तो बुडवायला नको.

तू लिहिलंयस, ‘सदर खटला विथ प्रेज्युडिस डिसमिस करावा’, म्हणजे पुन्हा लावता येणार नाही असा काढून टाकावा. क्लार्क अख्खी केस बंद करून मोकळा होईल! प्रतिवादीचं नाव घाल आणि ‘केवळ याच्यापुरते’ असं लिही. ‘विथ प्रेज्युडिस’ मात्र काढू नकोस. गप्प राहिलो तर सहसा तो दावा पुन्हा लावता येतो, आणि पैसे मोजणारा ब्युरो ते कसं चालवून घेईल?

खरा घोळ मात्र कराराच्या रिलीजमध्ये आहे, म्हणजे कोणाकोणाला दाव्यातून मोकळं करतो त्या कलमात. ब्युरो, त्याच्या उपकंपन्या, कर्मचारी, इथपर्यंत ठीक. पण ओळीच्या शेवटी हळूच येतं, ‘आणि माहिती पुरवणारे सर्व’. म्हणजे बँक फुकटात सुटली. हे मुद्दाम घालतात की जुना साचा तसाच चिकटवतात, देव जाणे. मी वाद घालत बसत नाही, काट मारतो. शिवाय बँकेवरचे सगळे दावे राखून ठेवल्याचं वाक्य घाल.

सह्यांचं सांगतो. ब्युरोने उत्तर दाखल केलंय, त्यामुळे फेडरल दिवाणी नियमांतल्या रूल ४१ खाली आपली एकट्याची नोटीस चालणार नाही, स्टिप्युलेशन, म्हणजे पक्षांचं लेखी संमतीपत्र, लागेल. त्यावर हजर झालेल्या सगळ्या पक्षांच्या सह्या हव्यात. बँकेचा इथे काय संबंध, असं तुला वाटलं असणार. पण जॅक्सनविल शहराच्या खटल्यात अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने २०२३ मध्ये बजावलं, सगळे म्हणजे सगळे. बँकेने सही नाकारली तर कोर्टाकडून आदेश मागू. सहाव्या सर्किटात तर एकाच पक्षाला वगळायला रूल २१ कडे, म्हणजे पक्षकार वगळण्याच्या वेगळ्या नियमाकडे, जावं लागतं, म्हणून दुसरीकडची केस आली की तिथले निकाल आधी बघत जा.

आणि डिसमिसलचा कागद आज दाखल करू नकोस. सध्या फक्त नोटीस ऑफ सेटलमेंट दे, म्हणजे तडजोड झाल्याचं कोर्टाला कळव. चेक वटू दे, अशिलाने ताजा रिपोर्ट काढून ती थकबाकी गेल्याचं डोळ्यांनी पाहू दे, मग डिसमिसल. खर्चाच्या ओळीतही ‘ज्याचा त्याने’ हे ब्युरोपुरतंच ठेव. बँकेविरुद्ध जिंकलो तर वकिलाची फी कायद्यानेच मिळते.

बँकेच्या वकिलाशी सहीचं मी बोलतो. सुधारलेला करार गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका