वर्तुळात अडकलेल्या लाटा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: केडीव्ही म्हणजे कोर्टवेग–द व्ह्रीज समीकरण (उथळ पाण्यातल्या लाटांचं) आवर्ती सीमाअटींवर, म्हणजे एका टोकाने गेलेली लाट दुसऱ्या टोकाने परत येते असं धरून, संगणकाने सोडवतो आहे. सुरुवात कोसाइनने केली. लाटेचे उंचवटे होतात, एकमेकांतून पार जातात आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ तोच कोसाइन पुन्हा दिसतो. उत्तर स्थिरावतच नाही. प्रोग्रॅम चुकला आहे का?

उत्तर: बहुधा नाही. स्थिरावलं असतं तर चुकला म्हणालो असतो. या समीकरणात ऊर्जा खाणारं पद नाही आणि वर्तुळावर लाटेला निसटून जायला जागाही नाही. मग ती शांत होणार कशी?

पडताळ्यासाठी झाबुस्की आणि क्रुस्कल यांचा १९६५ चा प्रयोगच करून पाहा. ‘सॉलिटॉन’ (टक्कर झाली तरी आकार टिकवून सरकणारा उंचवटा) हा शब्द त्याच लेखातला. आवर्तन २, सुरुवात कोसाइन(पाय × स्थान), तिसऱ्या विकलकाचा गुणक ०.०२२ चा वर्ग, आणि अरेषीय पद म्हणजे यू (लाटेची उंची) गुणिले यूचा उतार. तिसरं विकलक नसतं तर लाट १/पाय, म्हणजे ०.३१८ इतक्या वेळी मोडली असती. त्याच्या ३.६ पट वेळेला (सुमारे १.१५) आठ सॉलिटॉन मोजता यायला हवेत, आणि ३०.४ पट वेळेला (सुमारे ९.६८) मूळ आकार जवळपास परत यायला हवा.

हुबेहूब मात्र नाही. सॉलिटॉनांचे वेग जवळजवळ समान अंतराने वाढत जातात म्हणून ते पुन्हा एकत्र जमतात. ‘जवळजवळ’मुळे फरक उरतो. मॅककीन आणि ट्रुबोविट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की गुळगुळीत आवर्ती सुरुवात घेतली तर उत्तर काळात ‘जवळजवळ आवर्ती’ असतं. हवं तितकं जवळ ते पुन्हा पुन्हा येतं, पण प्रत्येक पुनरागमन आधीच्यापेक्षा चांगलं असेल असं नाही.

आता प्रोग्रॅम. २५६ बिंदूंवर झाबुस्की–क्रुस्कलची लीपफ्रॉग पद्धत (मागच्या दोन वेळांवरून पुढची वेळ काढणारी) वापरली तर काळाची पायरी साधारण ०.०००३८ च्या खाली ठेवावी लागते. ही मर्यादा बिंदूंमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे बिंदू दुप्पट केले की पायरी आठपट लहान. आकडे अचानक अनंताकडे पळाले तर आधी इथेच पाहा. फूरिए पद्धतीत (लाट साइन-कोसाइनची बेरीज म्हणून मांडून) तिसऱ्या विकलकाचा भाग घातांकी गुणकाने अचूक सोडवा आणि उरलेल्या भागाला चौथ्या कोटीची रुंगे–कुट्टा (काळात पायरीपायरीने पुढे जाण्याची प्रचलित पद्धत) लावा, मग ०.०००५ पासून सुरुवात करता येते. पायरी निम्मी करून उत्तर बदलतं का ते पाहाच. यूचा वर्ग करताना वरचे तरंगांक (एका आवर्तनात किती लाटा बसतात तो आकडा) खालच्यांवर दुमडून येतात, म्हणून वरचे एकतृतीयांश शून्य करा: १२८ पैकी ८५ पर्यंतचेच ठेवा.

चित्र सुंदर दिसलं म्हणून समाधान मानू नका. एका आवर्तनावर यूचं संकलन ० राहिलं पाहिजे, यूच्या वर्गाचं १, आणि ‘यूचा घन भागिले ३, वजा गुणक × उताराचा वर्ग’ याचं सुमारे −०.००४७८. तिसरी संख्या सर्वांत आधी घसरते, कारण ती दोन मोठ्या पदांची वजाबाकी आहे. आणखी एक फसगत: सुरुवातीची सरासरी शून्य नसेल तर सगळं चित्र तेवढ्या वेगाने सरकतं. तुलना करण्याआधी ते सरकणं वजा करा.

प्रश्न: बर्गर्स समीकरणात (तेच अरेषीय पद, पण तिसऱ्या विकलकाऐवजी लाट विरवणारं श्यानतेचं, म्हणजे घर्षणाचं पद) मात्र सगळं सपाट होतं. तिथे सुरुवातीच्या आकाराचं काय उरतं?

उत्तर: फक्त सरासरी. श्यानता शून्याकडे नेली तर मधल्या काळात करवतीच्या दात्यांसारखा आकार दिसतो. चढाचा उतार १/काळ याहून जास्त असू शकत नाही, म्हणून उडीची उंची आवर्तन भागिले काळ याच्या आत राहते, सुरुवात कितीही उंच असली तरी. श्यानता असेल तर शेवटचा ऱ्हास घातांकी होतो; दर = श्यानता × (२ पाय / आवर्तन) चा वर्ग.

प्रश्न: केंद्रीकारी घन श्रोडिंगर समीकरणात (ज्याचं अरेषीय पद लाटेला एकवटवतं) अगदी सपाट लाट घेतली, तरी काही वेळाने उंचवटा उगवतो. कुठून?

उत्तर: तुम्ही न टाकलेल्या बिघाडातून. अरेषीय पदाचा गुणक २, दुसऱ्या विकलकाचा १ धरू. सपाट लाटेची उंची ‘अ’ असेल, तर २अ पेक्षा लहान तरंगांकाचा (इथे तरंगांक = २ पाय / तरंगलांबी) बिघाड वाढतो; वाढीचा दर = तरंगांक × वर्गमूळ(४ × अवर्ग − तरंगांकवर्ग). आवर्तन २ पाय आणि अ = १ घेतलं तर तरंगांक १ चा दर १.७३ येतो. दहा लाखांत एक इतका बिघाड असेल तर काळ ८ च्या आसपास असताना उंचवटा उठतो. केवळ संगणकाची पूर्णांकनाची चूक (१० चा उणे १६ वा घात) असेल तर २१ च्या आसपास. आवर्तन पाय/अ पेक्षा लहान ठेवलं तर असा एकही बिघाड वर्तुळात मावत नाही, आणि लाट सपाटच राहते.

उंचवटा नंतर ओसरतो आणि पुन्हा येतो. पण त्याच्या येण्याच्या वेळा बेभरवशी वाटू लागल्या तर गोंधळ समीकरणाचा आहे असं लगेच समजू नका. विरळ ग्रिडवरचं नेहमीचं फरक-सूत्र स्वतःचा गोंधळ निर्माण करतं, हे अॅब्लोविट्झ आणि हर्ब्स्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं आहे. बिंदू दुप्पट करा किंवा अॅब्लोविट्झ–लॅडिक सूत्र वापरा. त्यात अरेषीय पदात शेजारच्या दोन बिंदूंची सरासरी येते. त्यानंतर वेळा बदलल्या, तर पहिला गोंधळ ग्रिडचा होता.