पाच मेची मार्गारिटा आणि आईंचा मंगळवार

प्रश्न: ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. शेजारी पाच मेला, संध्याकाळी, ‘सिंको दे मायो’ची पार्टी आहे. शेजारीणबाईंचं माहेर मेक्सिकोचं, नवरा इथलाच. निमंत्रणावर मार्गारिटा नावाच्या कॉकटेलचा भलामोठा ग्लास छापलाय. सासू-सासरे सध्या आमच्याकडे आहेत. आईंचा मंगळवारचा उपास असतो आणि यंदा पाच मे नेमका मंगळवारी. त्या विचारतात, हा कुठल्या देवाचा सण आणि नैवेद्याला काय असतं? बाबांना मधुमेह आहे, पण निमंत्रण पाहिल्यापासून ते “नुसतं चाखायला काय हरकत आहे?” असं घोकताहेत. सोळा वर्षांच्या लेकाला खोटी मिशी लावून, मोठी टोपी घालून जायचंय. ह्यांना दोन ग्लास झाले की पोवाडा सुचतो आणि तो मग आवरत नाही. जावं की नको?

उत्तर: जा. सगळ्यांनी जा, आईंनाही घेऊन जा.

त्यांना सांगा, हा देवाचा सण नाही, विजयाचा दिवस आहे. १८६१मध्ये मेक्सिकोचा खजिना यादवी युद्धाने रिकामा झाला होता, म्हणून अध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षांसाठी थांबवले. वसुलीसाठी इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्स, तिघांच्या फौजा येऊन थडकल्या. पहिले दोघे बोलणी करून परतले. फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनला मात्र वसुलीपेक्षा मेक्सिकोचं राज्यच हवं होतं. ५ मे १८६२ रोजी फ्रेंच सेनापती लोरेन्सेझ पुएब्ला शहरावर चालून गेला. समोर तेहतीस वर्षांचा जनरल इग्नासिओ सारागोसा, साधनं तुटपुंजी, आणि टेकडीवर लोरेतो आणि ग्वादालूपे हे दोन किल्ले. फ्रेंच चढाया एकामागून एक परतवल्या गेल्या. दुपारी पाऊस आला, उतारावर चिखल झाला आणि फ्रेंचांना माघार घ्यावी लागली. “राष्ट्राची शस्त्रं कीर्तीने झळाळली आहेत,” अशी तार सारागोसाने राजधानीला धाडली. त्याच सप्टेंबरात तो तापाने गेला. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी पुएब्ला घेतलंच, ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनला सम्राट म्हणून बसवलं, आणि १८६७मध्ये हुआरेस यांच्या सरकारने त्याला गोळ्या घातल्या.

हा सारागोसा जन्मला कुठे, तर आज तुमच्या टेक्सासात असलेल्या गोलियाडमध्ये. गडकिल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला ही लढाई समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या ह्यांना ती आधी नीट सांगून ठेवा. पोवाडा होणारच असेल तर पुएब्लाचा होऊ दे, शेजारीणबाईंना मनापासून आवडेल. फक्त त्यांना ‘स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा’ देऊ नका, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो.

खुद्द मेक्सिकोत पाच मेची धामधूम मुख्यतः पुएब्लात असते. अमेरिकेत हा दिवस कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी १८६०च्या दशकातच साजरा करायला सुरुवात केली. शंभर वर्षांनी चिकानो चळवळीने, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांच्या चळवळीने, तो अभिमानाने पुढे आणला, आणि १९८०च्या दशकात बिअर कंपन्यांनी जाहिराती करकरून त्याला पिण्याचा दिवस बनवलं. म्हणून ग्लास हातात धरला नाही तर यजमानांचा अपमान होईल, ही भीती सोडा. यजमानांना तुम्ही आलेले हवे आहात.

लेकाची मिशी घरीच राहू द्या. बाईंचं माहेर म्हणजे वेशभूषा स्पर्धा नव्हे. आपल्या आजोबांचा फेटा कुणी चेष्टेने घालून आला तर कसं वाटेल, एवढं त्याला विचारा, त्याला समजेल. आणि दारूचं वय तिथे एकवीस आहे. त्याच्यासाठी आग्वा दे हमायका शोधा, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. चिंचेचंही असतं. दोन्ही आईंना फार आवडतील.

आता ह्यांच्याबद्दल. नेहमीच्या कृतीप्रमाणे एका मार्गारिटात ५० मिली टकीला (मेक्सिकोची कडक दारू), २० मिली संत्र्याची लिक्युअर आणि लिंबाचा रस असतो. म्हणजे कडक दारूच ७० मिली, आपल्या लार्ज पेगपेक्षा जास्त. घरी हात सढळ असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखीच. त्यात बर्फ घुसळून दिली की ती सरबतासारखी उतरते, आणि पोवाड्याचा दुसरा चौक सुरू होईपर्यंत माणसाला काही कळत नाही. एक ग्लास, तोही जेवणाबरोबर सावकाश. टकीला मेक्सिकोतही छोट्या पेल्यातून घुटके घेत पितात, मीठ चाटून एका दमात रिचवलीच पाहिजे असं नाही.

तुमचं घर शेजारीच, चालत परत या. कुणाला सोडायला म्हणून, बर्फ आणायला म्हणूनही ह्यांनी किल्ली हातात घ्यायची नाही. तुम्ही व्हिसावर असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली, गुन्हा शाबित झाला नसला, तरी परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. इथला मुक्काम लगेच संपत नाही, पण पुढच्या वेळी भारतात गेलात की नवा व्हिसा, वैद्यकीय तपासणी, आणि तोवर मुलांची शाळा इथे नि तुम्ही तिथे. अशा एका संध्याकाळीपायी घरं विस्कटलेली मी पाहिली आहेत.

बाबांचं ‘चाखणं’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी घेतलेली दारू साखर धोकादायक खाली आणते, आणि लक्षणं नशेसारखीच दिसल्याने कुणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टर नाही म्हणाले, तर आधी घरी शांतपणे सांगा. चारचौघांत हातातून ग्लास काढून घेऊ नका. त्यांचाही मान आहे.

राहिला आईंचा उपास. अमेरिकेतल्या मराठी घरांत हापूसची हौस भागवणारा पिवळाधमक अताउल्फो आंबा मेक्सिकोचाच, आणि मे महिना म्हणजे त्याचा भर. मोठं भांडंभर आमरस करून न्या, आईंचंही भागेल आणि पार्टीतही तुमचं काहीतरी असेल. उपास सोडताना मात्र जपा. घोटलेल्या बीन्समध्ये आणि मैद्याच्या टॉर्टियात (तिकडच्या पोळीत) डुकराची चरबी असू शकते, लाल भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मक्याच्या टॉर्टिया, ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी) आणि साल्सा (टोमॅटोची चटणी) बहुतेक वेळा चालतात. शेजारीणबाईंना फोन करून बीन्स कशात परतता आणि भात कशात शिजवता, एवढं मोकळेपणी विचारा. पण त्या बाजारहाट करायच्या आत विचारा, म्हणजे आईंसाठी वेगळं काढणं त्यांना सोपं जाईल.