भूकवच आणि शिलावरण एकच का?

कोयना परिसरातल्या भूकंपांवर शाळकरी मुलांसाठी एक पुस्तिका तयार होते आहे. तिचा अनुवाद करणाऱ्या ताईंनी एक शंका विचारली आहे. त्यांनी लिहिलं होतं, "शिलावरणाचे पट्ट दुर्बलावरणावरून सरकतात." संपादकांना हे मुलांसाठी जड वाटलं, म्हणून त्यांनी वाक्य बदलून "भूकवचाचे पट्ट वितळलेल्या प्रावरणावर तरंगतात" असं केलं. (पट्ट म्हणजे या थराचे सरकणारे मोठे तुकडे.) ताईंचा प्रश्न असा की हा बदल चालेल का? भूकवच आणि शिलावरण ही एकाच थराची दोन नावं आहेत का? आणि प्रावरण या शब्दाचा नेमका अर्थ काय?

बदल चालणार नाही. सोप्या केलेल्या वाक्यात दोन गंभीर चुका शिरल्या आहेत. भूकवच आणि शिलावरण हे वेगवेगळे थर आहेत, आणि प्रावरण वितळलेलं नाही. या थरांपर्यंत कुणी खणत गेलेलं नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक 12,262 मीटरवर थांबलं, म्हणजे तेही कवचाच्या वरच्या एक-तृतीयांश भागातच राहिलं. त्याखालचं जवळजवळ सगळं ज्ञान भूकंपाच्या लहरींनी दिलं आहे. म्हणून यातला कोणताही शब्द वापरताना स्वतःला विचारावं, की लहरींना कुठे काय आढळलं म्हणून हे नाव पडलं?

आधी प्रावरण. संस्कृतात प्रावरण म्हणजे अंगावर पांघरायचं वस्त्र, उत्तरीय. इंग्रजीतल्या मँटलचा मूळ अर्थही अंगावरचा झगा असाच आहे, त्यामुळे आपल्या परिभाषाकारांनी निवडलेला शब्द अगदी चपखल बसतो. पृथ्वीच्या गाभ्याने पांघरलेलं ते प्रावरण. जुन्या पुस्तकांत यालाच मध्यावरण म्हटलेलं सापडतं. तेही चूक नाही, पण आता प्रावरण रुळला आहे, तोच ठेवावा. हा पदार्थ घन आहे की द्रव, याबद्दल मात्र हे नाव काहीच सांगत नाही. ते लहरींनाच विचारावं लागतं.

कवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा 8 ऑक्टोबर 1909 च्या एका भूकंपामुळे सापडली. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या आग्नेयेला, कुपा नदीच्या खोऱ्यात तो झाला. झाग्रेबच्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी युरोपभरच्या केंद्रांवरून नोंदी मागवल्या आणि भूकंपाच्या जागेपासून प्रत्येक केंद्राचं अंतर व तिथे लहर पोचल्याची वेळ यांचा ताळा घातला. काही ठरावीक अंतरांवरच्या नोंदींत प्राथमिक लहर, म्हणजे भूकंपानंतर सर्वांत आधी पोचणारी, एकदा न येता दोनदा आलेली दिसत होती. तिच्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरीचंही तसंच. जवळच्या केंद्रांवर एकच जोडी, पुढे दोन जोड्या, आणि लांबच्या केंद्रांवर तर आधी मागे असलेली जोडी चक्क पुढे गेलेली!

त्यांनी लावलेला अर्थ असा. एक लहर कवचातूनच थेट येते. दुसरी तिरकी खाली जाते, जास्त वेग असलेल्या खडकाच्या माथ्यावरून पुढे सरकते आणि पुन्हा वर येते. गावातून द्रुतगती मार्गाला लागायला वळसा पडतो, म्हणून जवळ जायचं तर जुना रस्ताच बरा. पण लांबचा पल्ला असेल तर वळसा घेणाराच आधी पोचतो. ती लहर कुठल्या अंतरापासून आघाडी घेते हे कळलं की वेगवान खडक किती खोल आहे याचं गणित मांडता येतं. त्यांचा आकडा 54 किलोमीटर आला. आज आपल्याला माहीत आहे की खंडांखाली ही सीमा सरासरी 35 ते 40 किलोमीटरवर असते, महासागरांच्या तळाखाली जेमतेम 6-7 किलोमीटरवर, आणि तिबेटच्या पठाराखाली 70 च्या घरात. तिच्या वर प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला साधारण 6 ते 7 किलोमीटर असतो, खाली गेल्यावर तो 8 च्या आसपास होतो. या उडीच्या वरचं ते भूकवच. खडकाची जातच इथे बदलते: वर ग्रॅनाइट-बेसाल्टच्या कुळातले खडक, तर खाली ऑलिव्हीन या हिरवट खनिजाने भरलेला जड पेरिडोटाइट. भुजजवळच्या भुजिया डोंगराच्या लाव्ह्यात असे प्रावरणाचे हिरवे तुकडे अडकून वर आलेले आहेत, ते हातात घेऊन पाहता येतात.

पुस्तिका कोयनेवर आहे, तेव्हा हेच गणित कोयनेवर घालून पाहू. कोयना ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे 510 किलोमीटर. कवच 35 किलोमीटर जाड आहे आणि कवचातला वेग सेकंदाला 6.3 व त्याखालचा 8.1 किलोमीटर आहे असं धरू. थेट येणाऱ्या लहरीला सुमारे 81 सेकंद लागतात. प्रावरणाच्या माथ्यावरून वळसा घेऊन येणारी सुमारे 70 सेकंदांतच पोचते. म्हणजे कोयनेला धरणीकंप झाला की हैदराबादच्या यंत्राला पहिली चाहूल लागते ती प्रावरणाला स्पर्श करून आलेल्या लहरीची. वरच्या आकड्यांनी ही आघाडी साधारण 200 किलोमीटरनंतर सुरू होते, मुंबई तर त्या उंबरठ्यावरच बसते. हे उदाहरण पुस्तिकेत घ्यायला हरकत नाही. नववीतल्या मुलाला गणित सुटेल, आणि कवच कुठे संपतं हे पाठ न करताही कळेल.

कोयनेच्या परिसरात हे काम भूकंपाची वाट न पाहतासुद्धा झालेलं आहे. 1967 च्या डिसेंबरातल्या त्या विध्वंसक भूकंपानंतर, 1970 च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे दोन लांब रेषांवर सुरुंगांचे स्फोट करून लहरी टिपल्या. एक रेषा गुहागर ते चोरोची, दुसरी केळशी ते लोणी. कोकणच्या किनाऱ्यावरून घाट चढून देशावर जाणाऱ्या या रेषांनी दाखवलं की सह्याद्रीच्या लाव्ह्याचे थर हा कवचाचा फक्त वरचा पापुद्रा आहे आणि कवचाचा तळ 35 ते 40 किलोमीटरच्या दरम्यान आहे. पुढे कोयनेत खोल विंधन झालं तेव्हा साधारण एक किलोमीटर बेसाल्टखाली लगेच ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीला तर बेसाल्टची जाडी 340 मीटरच्या आसपासच भरली.

आता शिलावरण. या शब्दाचा घोळ मात्र जुना आहे आणि त्यात संपादकांचा फारसा दोष नाही. शाळेच्या भूगोलात आपण वातावरण, जलावरण, जीवावरण आणि शिलावरण अशी चौकडी शिकतो. तिथे शिलावरण म्हणजे पृथ्वीचा खडकाळ भाग, ढोबळमानाने जमीन. तो अर्थ डोक्यात असला की शिलावरण म्हणजे भूकवचच वाटणार. भूपट्टांच्या चर्चेत मात्र हाच शब्द दुसऱ्या, नेमक्या अर्थाने येतो. कवच आणि त्याला घट्ट चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग मिळून शिलावरण होतं. त्याखालचा खडक जास्त तापलेला असल्यामुळे लेचापेचा होतो, ते दुर्बलावरण. म्हणजे मोहोरोव्हिचिच यांची सीमा शिलावरणाच्या आतच पडते! कवचाची व्याख्या खडकाच्या जातीवरून होते, शिलावरणाची त्याच्या ताठपणावरून. सरकतो तो पट्ट या ताठ थराचा, पूर्ण जाडीनिशी. "भूकवचाचे पट्ट" म्हटलं की त्याचा खालचा, बहुधा जास्त जाड असलेला भाग आपण कापून टाकतो.

शिलावरणाचा हा तळ लहरींना कसा सापडतो? इथे मोठा भूकंप झाल्यावर जमिनीच्या पृष्ठालगत धावणाऱ्या लहरी कामी येतात. त्यांचा गुण असा की आवर्तकाल, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, जितका मोठा, तितकी लहर खोलवरचा खडक हलवते. 20 सेकंदांची लहर मुख्यतः कवचातच वावरते. 100 सेकंदांची शंभराहून जास्त किलोमीटर खोलीची खबर आणते. प्रत्येक आवर्तकालाच्या लहरीचा वेग मोजत गेलं की कुठल्या खोलीवर खडक मऊ पडतो हे उमगतं, कारण तिथे वेग थोडा उतरतो. मात्र हा उतार सावकाश असतो, कवचाच्या तळाशी असते तशी उडी बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून शिलावरणाची जाडी सांगताना एकच आकडा ठोकून देऊ नये. आपल्या द्वीपकल्पाखालीच वेगवेगळ्या पद्धतींनी सुमारे 100 पासून 200 किलोमीटरच्या आसपासपर्यंतची उत्तरं आली आहेत.

"वितळलेल्या प्रावरणावर तरंगतात" हे मला सर्वांत जास्त खटकलं, कारण ही समजूत आपल्याकडे वर्तमानपत्रांपासून प्रदर्शनांतल्या तक्त्यांपर्यंत सगळीकडे घट्ट बसली आहे. कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र आहे असं मुलं मोठेपणीही धरून चालतात. दुय्यम लहर पदार्थाला आडवी हलवत जाते. द्रवाला असं आडवं ताणलं तर तो परत ओढ घेत नाही, त्यामुळे ही लहर द्रवातून जाऊच शकत नाही. आणि प्रावरणातून ती जाते, थेट 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत. भूकंपाच्या जागेपासून सुमारे 103 अंशांपर्यंत, म्हणजे पृष्ठावर मोजलं तर साडेअकरा हजार किलोमीटरपर्यंत, ती व्यवस्थित नोंदली जाते. त्यापलीकडे तिची सावली पडते, कारण तिथे तिच्या वाटेत गाभ्याचा बाहेरचा थर, म्हणजे बाह्य गाभा येतो आणि तो खरोखर द्रव आहे. दुर्बलावरणातही वेग उतरतो, लहर थांबत नाही. फार तर थोडासा अंश वितळलेला असेल. बाकी खडक घनच, पण लाखो वर्षांच्या हिशेबात सावकाश वाहणारा. "घन असूनही प्रवाही" हा प्रयोग मुलांना पचतो, एकदा वेळेचं मान सांगितलं की झालं.

मग सह्याद्रीचा लाव्हा आला कुठून, असं मूल विचारेलच, आणि विचारावंच. तो प्रावरणातूनच आला, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. तापलेला घन खडक वर चढत गेला, वरचा दाब कमी झाला आणि त्यातला काही भाग वितळला. वितळणं ही तिथली प्रासंगिक घटना होती.

या शोधाचा एक धागा आपल्या देशातून गेलेला आहे, तो पुस्तिकेत यावा असं मला मनापासून वाटतं. 12 जून 1897 ला आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला, आणि दूरदूरच्या नोंदी तपासून 1900 मध्ये प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी असे तीन वेगळे प्रकार दाखवून दिले. 1906 मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावाही त्यांनीच मांडला. बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली 2,900 किलोमीटर काढली आणि 1926 मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांनी तो द्रव असल्याचं सिद्ध केलं.

जाता जाता लहरींच्या नावांबद्दल. प्राथमिक आणि दुय्यम हे शब्द वाचून मुलांना वाटतं की पहिली महत्त्वाची, दुसरी किरकोळ. इथे अर्थ फक्त येण्याच्या क्रमाचा आहे. जमीन जोराने हलवते ती बहुधा दुसरीच आणि तिच्यामागून येणाऱ्या पृष्ठलहरी. एक अर्ध्या ओळीची टीप टाकावी. लहर की तरंग, यात मला अडचण दिसत नाही. भूगोलात लहरी रुळल्या आहेत, त्याच ठेवा.

वाक्य मी असं करेन: "कवच आणि प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून शिलावरण होते, त्याचे पट्ट खालच्या तापलेल्या, मऊ पण घन खडकावरून वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात." दुर्बलावरण हा शब्द इथे टाळता येतो, शिलावरण टाळता येत नाही. आणि क्रोएशियन शास्त्रज्ञांचं नाव कित्येक ठिकाणी "मोहोरोविसिक" असं छापलेलं दिसतं, ते रोमन अक्षरांवरच्या खुणा गाळल्यामुळे. मूळ उच्चार "चिच" आहे. सुरुवातीला एकदा पूर्ण नाव देऊन पुढे "मोहो सीमा" म्हणावं. अशा सीमेसाठीचा "असांतत्य" हा शब्द मोठ्यांच्या पाठ्यपुस्तकासाठी राहू द्यावा.