भूतबंगल्यातली बग्गी आपोआप कशी वळते?

प्रश्न: मिरजेच्या उरुसातले बदकाचे पाळणे सोडून पोरगी आता मोबाईलवर डिस्नेलँडच्या भूतबंगल्याची राईडच बघत बसते, त्यातली काळी बग्गी मधेच वळते ते कसं काय ओ?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ती डूम बग्गी. राईड १९६९ ची, पण जुगाड १९६७ चा, आधी दुसऱ्या राईडमध्ये वापरलेला, नाव ऑम्निमूव्हर. सगळ्या बग्ग्या एका साखळीत सलग चालत राहतात, चढताना बाजूचा पट्टा पण त्याच स्पीडने सरकतो, आणि खालचे जादाचे रूळ बग्गीचं तोंड फिरवतात, म्हणजे तुम्ही कुठं बघायचं ते डिझायनरच ठरवतो, कॅमेरा फिरवल्यासारखं. उंच गोल पाठ नुसती शोभेला नाही, तिच्यामुळं पुढची-मागची बग्गी झाकली जाते आणि स्पीकरही आतच बसतो. मला तर हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते. काम डिस्नेकडच्या बॉब गर आणि रॉजर ब्रॉजी यांचं. गर यांनीच १९५५ ला तिथल्या पोरांच्या छोट्या मोटारी डिझाईन केल्या, तेव्हा गाडीला वाटेवर धरून ठेवणारा मधला गाईडचा रूळ नव्हता, मग काय, पोरं धडाधड ठोकायची! रूळ नंतर आला.