गळ्यातून सूर निघत नाही तेव्हा

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे मिस्टर ४४ वर्षांचे, यंत्रमागावर कामाला होते. दोन वर्षं झाली, दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, चार-चार तास. मी घरी टॉवेलला शिलाई मारते, त्यावर आणि दिरांच्या मदतीवर चाललंय. लहानपणापासून मी क्वायरमध्ये गायले, आमचं लग्नसुद्धा क्वायरमुळंच जमलं. आता रविवारी भक्तीला उभी राहते, सगळे हात वर करून स्तुती करतात आणि माझं तोंडच उघडत नाही ओ, नुसतं पुस्तक धरून उभी. मध्ये बाहेरून एक प्रचारक घरी प्रार्थनेला आले होते, ते म्हणाले तुमची स्तुती कमी पडायलीय, तोंड भरून स्तुती करा आणि विश्वास असेल तर मशीन बंद करा. मशीन काही बंद केलं नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आता उन्हाळा, दिवसाला पाणी मोजून एक लिटर. रात्री हे उठतात, माठाजवळ जातात आणि पीत नाहीत, नुसता माठाला हात लावून उभे राहतात. ते बघून मला देवाचाच राग येतो. मग रविवारी गायचं कुठल्या तोंडानं? मी ढोंगी झालेय का?
*— एक बहीण, अशोक चौक परिसर, सोलापूर*

उत्तर : बहिणी, जय ख्रिस्त. पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या माठापाशीच अडखळले.

आधी मशीनचं बोलते कारण ते जिवाशी आहे. डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही, कुणी कितीही मोठा देवमाणूस असू दे आणि कुठलंही वचन दाखवू दे. ज्यानं शुभवर्तमान लिहिलं त्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, आणि तो चांगला शोमरोनी जखमी माणसापाशी नुसती प्रार्थना करून पुढं गेला नाही, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं आणि खर्चाला पैसेपण दिले. तुम्ही त्या प्रचारकांचं ऐकलं नाहीत तिथं तुमचा विश्वास कमी पडला नाही, शाबूत होता. त्यांचं वाक्य डोक्यातून काढून टाका. निघत नसेल तर दर वेळी आठवलं की म्हणा, हे प्रभूचं वाक्य नाही, एका माणसाचं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. बायबल काढा आणि स्तोत्र ४२ उघडा. ते तुम्हाला पाठ असणार, क्वायरमध्ये त्याच्यावरचं काही ना काही गायलाच असाल, हरिणी पाण्याच्या ओढ्यासाठी लुलपते तसा माझा जीव देवा तुझ्यासाठी लुलपतो. आपण हे इतक्या गोड चालीत म्हणतो ना की हरिणी ओढ्याकाठी आरामात पाणी पितेय असंच डोळ्यापुढं येतं. पण ती पीत नाहीये. पाणी मिळालेलं नाही म्हणून तर लुलपतेय! तुमच्या घरात रात्री माठाजवळ जे उभे असतात ना, या स्तोत्राची पहिली ओळ त्यांच्याइतकी आपल्या मंडळीत कुणाला कळली असेल असं मला वाटत नाही. सोलापूरचा एप्रिल-मे आपल्याला माहितीय, पारा ४३-४४ ला टेकतो, घरात पत्रा असेल तर रात्री बारालासुद्धा भिंती गरम. त्यात पाणी मोजून.

पुढं वाचा. तिसऱ्या ओवीत तो म्हणतो, माझे अश्रू हाच रात्रंदिवस माझा आहार झालाय आणि लोक विचारतात तुझा देव कुठे आहे. चौथ्या ओवीत त्याला आठवतं की मी सणाच्या गर्दीबरोबर गात गात देवाच्या घरी जायचो, पुढं असायचो. म्हणजे हा पण क्वायरचाच माणूस! याचाही आवाज गेलाय आणि त्याला जुने दिवस आठवून रडू येतंय. आणि नवव्या ओवीत तर सरळ देवालाच विचारतो, तू मला का विसरलास. हे बायबलमध्ये आहे, कुणी खोडलं नाही, उलट मंडळीनं गावं म्हणून गवयांच्या पुस्तकात घालून ठेवलं.

मला या स्तोत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द वाटतो तो ‘पुन्हा’. हे माझ्या जिवा तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, मी त्याचं गुणगान पुन्हा गाईन. ४२ आणि ४३ हे मुळात एकच गीत असावं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि दोन्ही मिळून ही ओळ तीनदा येते. नीट बघा, तो ‘गातोय’ असं म्हणत नाही, ‘पुन्हा गाईन’ म्हणतो. आत्ता येत नाही हे त्यानं कबूल केलंय. एकदा म्हणून मन ऐकलं नाही म्हणून दुसऱ्यांदा, तरी ऐकलं नाही म्हणून तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर सगळं ठीक झालं असंही लिहिलेलं नाही, स्तोत्र तिथंच संपतं. मग तुम्ही पुस्तक धरून उभ्या राहता, तोंड उघडत नाही पण दर रविवारी तरी येऊन उभ्या राहता, याला ढोंग कसं म्हणायचं? ढोंगी माणसाचा आवाज तर चांगला मोठा असतो.

रागाचं म्हणाल तर राग देवालाच सांगा, पाठ फिरवून नको, तोंडावर सांगा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत, आपणच रविवारी तेवढी आनंदाची निवडून घेतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीपण’ नाही की काही नाही. ते म्हणणारा तरी कुणाशी बोलतोय? देवाशीच ना. आणि वधस्तंभावर प्रभूनं काय म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हे २२ व्या स्तोत्राचे शब्द. त्याच वधस्तंभावर तो म्हणाला, मला तहान लागली आहे. योहानाचा १९ वा अध्याय, २८ वी ओवी. आपण गुड फ्रायडेला सात उद्गारांवर उपदेश ऐकतो, पाचव्या उद्गाराला बहुतेक सगळे म्हणतात ही आत्म्यांची तहान होती वगैरे, असेलही, पण ती आधी घशाची तहान होती. उन्हात, रक्त गेलेल्या माणसाची. तुमच्या मिस्टरांना रात्री माठाजवळ बघाल तेव्हा हे आठवा. त्यानं दुखणं कमी होईल असं मी म्हणत नाही. पण त्या माठाजवळ ते एकटे उभे नसतात असं मी मनापासून मानते, आणि खोटं धीर द्यायला लिहीत नाहीये.

माझं एक सांगते. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा जवळजवळ वर्षभर मला गाता आलं नाही. आमच्या बाकावर शेजारी एक मावशी बसायच्या, तेलुगू घरच्या, दिवसभर विड्या वळायच्या, बोटांना तंबाखूचा वास कायमचा. मराठी वाचता यायचं नाही पण गीतं सगळी पाठ. मी गप्प उभी राहायला लागले तशी त्यांनी माझं पुस्तक आपल्या हातात घेतलं, दोघींच्या मध्ये धरलं आणि ओळीवर बोट फिरवत गायला लागल्या. बोट भलत्याच ओळीवर असायचं, कधी कधी भलत्याच गीतावर. काही बोलल्या नाहीत, ‘गा गं’ असंही नाही. वर्षभर माझ्या वाटचं त्याच गायल्या. मग एका रविवारी, साधाच रविवार, ना सण ना काही, शेवटच्या कडव्यात माझा आवाज आला, त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, बोट तसंच पुढं.

तुम्हीपण सध्या दुसऱ्यांना तुमच्या वाटचं गाऊ द्या. क्वायर लीडरला सांगून ठेवा की मी रिहर्सलला येऊन नुसती बसेन. घरी रात्री जमलं तर दोघांनी मिळून ४२ वं स्तोत्र मोठ्यानं वाचा, एक ओवी त्यांनी, एक तुम्ही. फिस्टुल्याच्या, म्हणजे डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या हातावर बोटं ठेवलीत की ती झरझर लागते ना, डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितलीच असेल, ती तपासताना दोन शब्द प्रार्थनेचे म्हणा, ‘प्रभू, आजचा दिवस गेला’ एवढंच. मला विचाराल तर हीसुद्धा स्तुतीच आहे. आणि खर्चाचं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कागदं केली नसतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, लाजू नका.

प्रश्न : आमच्या तरुण संघातल्या एका मुलाच्या वडिलांना डायलिसिस सुरू झालंय. भेटायला जायचंय, पण गेल्यावर काय बोलायचं कळत नाही. कुठलं वचन वाचावं?
*— एक तरुण, जुळे सोलापूर*

उत्तर : बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, अंगभर आजार आला, तेव्हा त्याचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. एवढंच करून घरी गेले असते तर किती बरं झालं असतं. पुढं तोंड उघडलं, तू काहीतरी पाप केलं असशील, तुझंच कुठंतरी चुकलं, असं अध्यायच्या अध्याय चालू राहिलं, आणि ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावला, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही म्हणून. लक्षात घे, जो आरडाओरडा करत होता त्याला देवानं बरोबर म्हटलं, आणि जे देवाची बाजू घेऊन शहाणपण सांगत होते त्यांना चूक म्हटलं.

तेव्हा वचन शोधत बसू नको. ‘देवाची योजना असेल’, ‘यातून काहीतरी चांगलंच होईल’ हे दाराबाहेर ठेवून जा. देव सगळ्यातून भलंच घडवतो असं सांगणारं रोमकरांस ८:२८ खरं आहे, पण ते ज्याचं दुखतंय त्यानं म्हणायचं, आपण त्याच्या तोंडावर मारायचं नाही.

आणि हे फार महत्त्वाचं, भेटायला जाताना शहाळं आणि केळी नेऊ नका! आपल्याकडं आजारी माणूस म्हटलं की पहिलं तेच घेतो आणि किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम धोक्याचं असतं, हृदयावर येतं. डाळिंब, संत्र्याचा ज्यूस पण नको. ‘थोडं पाणी घ्या की’ असा आग्रह तर अजिबात नको. त्यापेक्षा त्या मुलाला विचार की कुठल्या दिवशी घेऊन जातोस, आणि एक वार तू घे. गाडीवर न्यायचं, चार तास बसायचं, आणायचं. दर आठवड्याला, पहिल्या महिन्यात सगळे येतात, नंतर कुणी येत नाही. बोलायला काही सुचलं नाही तर क्रिकेट बोला.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ म्हणजे कॅन्सरबद्दल पण देवाचे आभार मानायचे का? आणि आमच्याकडं साक्षीच्या सभेत, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या सभेत, बरे झालेलेच लोक उभे राहतात. ज्यांना अजून बरं वाटलेलं नाही त्यांच्याकडं साक्ष नसते का?
*— होटगी रोड, सोलापूर*

उत्तर : सर, पहिल्याचं थोडक्यात. पौलानं ‘सर्व स्थितीत’ लिहिलंय, त्या स्थितीत असताना. आजाराला चांगलं म्हणायची सक्ती त्यात नाही. मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, जे चांगलं आहे त्यावर कोण रडतं? आणि हबक्कूक संदेष्ट्याचं ते प्रसिद्ध गीत, अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, ते तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. पहिल्या अध्यायाच्या सुरुवातीला तोच माणूस ओरडतोय की परमेश्वरा मी किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस. नान्नज-बार्शीकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला अवकाळीच्या दुसऱ्या दिवशी भेटून बघा, तो थेट तिसऱ्या अध्यायावर येईल का? त्याला आधी पहिला अध्याय म्हणू द्यायला हवा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र तुमचे आभार, हे कुणीतरी विचारायला हवंच होतं. पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा कायमचा त्रास, तीनदा विनंती करूनही निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं, आणि त्यानं हे सगळं करिंथच्या मंडळीला लिहून कळवलं. हीच साक्ष.

पुण्याला जाताना आपली गाडी दौंडच्या पुढं केडगावावरून जाते. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बाईंचं आयुष्य बघा सर. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा कॉलऱ्यानं गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरात लहानगी मनोरमा. त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या, दुष्काळातल्या मुली, विधवा गोळा करून केडगाव उभं केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. आणि १९२१ साली ती एकुलती एक लेक, कामातला उजवा हात, आईच्या आधी गेली. बाई तरी भाषांतराच्या कामाला बसत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. यातलं ‘बरं झालं’ असं कुठलं सांगणार? पण यापेक्षा मोठी साक्ष महाराष्ट्राच्या मंडळीत मला तरी माहीत नाही.

तुम्ही एक करा. तुमच्या शब्दाला मान असणार, तर पुढच्या साक्षीच्या सभेआधी पाळकसाहेबांना भेटा आणि म्हणा की या वेळी एक माणूस अजून बरा न झालेला बोलू दे. त्याला आधी विचारा, जबरदस्ती नको. दोनच मिनिटं दिली तरी चालेल. आणि तो बोलता बोलता मध्येच थांबला, घसा दाटला, तर कीबोर्डवाल्या मुलाला आधीच सांगून ठेवा की लगेच सूर धरायचा नाही, थोडा वेळ तसंच शांत राहू द्यायचं.