सुट्टीतल्या वाचनाबद्दल, तुला

सोलापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

यंदा मे महिन्यात पिंपरीच्या तुझ्या घरी सोसायटीतली मुलं जमवून पुस्तकं वाचायचं ठरवलंयस, हे कळल्यावर दिवसभर बरं वाटत राहिलं. तू पाठवलेलं सहा आठवड्यांचं वेळापत्रकही दोनदा वाचलं. सोमवारी शब्दसंपत्ती, बुधवारी सारांशलेखन, शुक्रवारी प्रश्नमंजूषा, सगळं नीट आखलं आहेस. पण मुलं नुसती ऐकत किंवा वाचत बसली आहेत, असा अर्धा तास मला त्यात कुठे दिसला नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

माझ्या घरच्या सुट्टीतल्या वाचनाला तू पहिल्यांदा आलीस तेव्हा दुसरीत होतीस. पहिले चार दिवस दाराशी, चपलांच्या शेजारी बसून राहिलीस. मी तुला आत ये म्हटलं नाही, काही विचारलंही नाही. फक्त माझी बसायची जागा थोडी दाराकडे सरकवली, तुला चित्रं दिसावीत म्हणून. पाचव्या दिवशी तू आपणहून सतरंजीच्या कडेला आलीस. तुझ्याकडेही असं एखादं मूल येईल. 'या गोष्टीतून तू काय शिकलास?' असं त्याला पहिल्याच दिवशी विचारलंस, तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाही. आलंच तर आईने धाडलं म्हणून येईल.

माझं मागणं एवढंच आहे. रोज मोठ्याने वाचून दाखव, आणि वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नकोस. बाकी सगळं तुझ्या मनाने कर.

वाचून दाखवायला तयारी लागते. आदल्या रात्री गोष्ट एकदा मोठ्याने वाचून बघ. कुठे श्वास पुरत नाही, कुठलं वाक्य जिभेवर अडतं, पान उलटण्याआधी कुठे थांबायचं, हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. चित्रांचं पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावं लागतं, म्हणजे मजकूर तुला तिरका वाचावा लागतो. तेव्हा तो निम्मा पाठच हवा. खुर्चीवर बसू नकोस, त्यांच्याबरोबर सतरंजीवर बस. प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज नाही काढलास तरी चालेल, पण घाई करू नकोस. मुलांना एकेका पानाला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण ती कोपऱ्यातलं मांजरही बघत असतात.

कठीण शब्दापाशी थांबून अर्थ सांगायचा मोह होईल. 'ओसरी' आली, 'फडताळ' आलं, की आपण शिक्षक होतो आणि गोष्ट तिथेच बसते. बरेचसे शब्द पुढच्या एकदोन वाक्यांत आपोआप उलगडतात. एखाद्याने विचारलंच तर दोन शब्दांत सांग आणि पुढे जा.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजच्या मुलांना आवडेल का, असं तू विचारलंयस. आवडतो, पण पुस्तक त्यांच्या हातात द्यायच्या आधी पहिली गोष्ट तू वाचून दाखवायला हवीस. बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला. फुरसुंगी तुझ्या मुलांनी निदान पाटीवर वाचलेली असेल, तिथून सुरुवात कर. त्याचं ते तोंडाने 'टॉक्' करणं मात्र मुलांवर सोपव. माझ्याकडे एका उन्हाळ्यात बारा जणांनी एकदम टॉक् केलं की शेजारचे आजोबा पलीकडून भिंतीवर टिचकी मारून उत्तर द्यायचे, आणि मग दोन मिनिटं कोणी ऐकायच्या स्थितीत नसायचं. जुन्या पुस्तकांची भाषा पहिल्या काही पानांत अडते. ती पानं तुझ्या आवाजात पार झाली, की पुढचं मुलं स्वतः वाचतात.

गोष्ट संपली की पुस्तक मांडीवर मिट आणि गप्प बस. ही शांतता पहिल्या आठवड्यात तुला फार जड जाईल, काहीतरी विचारावंसं वाटेल. विचारू नकोस. एकदा मी हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट वाचली. कोणीच बोलेना. बऱ्याच वेळाने तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे शेळी होती." एवढंच. मी खोदलं नाही. चार दिवसांनी सरबत पिताना त्याने त्या बाजाराच्या दिवसाचं सगळं सांगितलं, शेळीची दोरी कोणाच्या हातात होती इथपर्यंत. त्या दिवशी मी 'कुत्र्याचं नाव काय होतं?' असं विचारलं असतं, तर मला कुत्र्याचं नाव मिळालं असतं. तुला विचारल्यावाचून राहवलंच नाही, तर ज्याचं उत्तर तुलाही ठाऊक नाही असं काहीतरी विचार.

तुझ्याकडची बरीच मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत, मराठी छान बोलतात पण वाचताना अक्षर लावत लावत वाचतात, असं तू लिहिलंयस. ही मुलं मला सर्वांत जवळची वाटतात. त्यांच्या डोक्यात गोष्ट समजण्याची ताकद दहा वर्षांची असते आणि देवनागरी वाचण्याचा वेग सहा वर्षांचा, आणि सगळ्यांसमोर वाचायला लावलं की त्यांना त्या वेगाची लाज वाटू लागते. त्यांना कधीही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगू नकोस. स्वतःहून मागितलं तर मात्र जरूर दे. दोघं दोघं जोडीने बसव, एक पान एकाने, एक दुसऱ्याने. मोठा टाईप आणि पानावर दोनतीन ओळी असलेली पुस्तकं हवीत, पण ती बाळबोध वाटता कामा नयेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं इथे फार उपयोगी पडतात. राधाच्या घरातल्या माणसांची ती छोटी पुस्तकं त्यांनी स्वतः लिहिली, चित्रंही स्वतःच काढली. वाक्यं साधी, माणसं मात्र खरी. चौथीतलं मूलही ती हातात धरायला लाजत नाही.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, हे तुला माहीत आहेच. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी गोष्ट चालू असताना शेजारच्या धाकटीच्या कानात सारखी कुजबुजायची. मी तिला दोनदा दटावलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की ती माझी मराठी गोष्ट त्या धाकटीला तेलुगूत सांगत होती. त्या दटावण्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे आम्ही तिलाच समोर बसवून एक गोष्ट दोन भाषांत सांगायला लागलो. तुझ्या सोसायटीत हिंदी, कन्नड, मल्याळम बोलणारी मुलं असणारच. त्यांना वगळून मराठीचं भलं होणार नाही.

प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ याच कामाचं आहे. एकच गोष्ट मराठीत आणि इतर कितीतरी भारतीय भाषांत मिळते, वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या असतात, आणि खुल्या परवान्यामुळे पुस्तकं उतरवून छापून घ्यायलाही मोकळीक असते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. दिवाळी अंकांतल्या गोष्टी आधी बघ. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, कोणीतरी स्कॅन केलेल्या पुस्तकांना हात लावू नकोस. मराठीत मुलांसाठी लिहिणारे आणि छापणारे आधीच थोडे आहेत.

विकत घ्यायची तर तीस-चाळीस पुस्तकांनी सुरुवात पुरे. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही स्वस्त असतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत एक सकाळ घालव, आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'मुलं मोठी झाली, पुस्तकं पडून आहेत' अशा घरांना हाक दे. आलेली सगळी ठेवू नकोस. तात्पर्यासाठीच लिहिलेली, ओबडधोबड चित्रांची, मुलगी घरात आणि मुलगा रानात अशी पुस्तकं बाजूला काढ. चिंटूची पुस्तकं, विज्ञानाची, खेळाडूंची, कोड्यांची जरूर ठेव. एखादा मुलगा सहा आठवडे फक्त क्रिकेटचंच वाचेल. वाचू दे.

पुस्तकं कपाटात उभी लावू नकोस. नुसत्या कण्यांवरून मुलाला काय कळणार? माझ्याकडची ती दोरी आठवते? खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधायची आणि पातळ पुस्तकं कपडे वाळत घालतात तशी चिमट्यांनी टांगायची. मुखपृष्ठं समोर राहतात, मुलं खालून वर बघत फिरतात, आणि सगळ्यात लहान मुलाला हात पुरेल इतकी दोरी खाली असली की निवड त्याची राहते. तपकिरी कागदाची कव्हरं अजिबात घालू नकोस, घालायचंच तर पारदर्शक प्लॅस्टिक घाल.

आणि पुस्तकं घरी जाऊ देत. इथे बहुतेकांचा जीव खालीवर होतो, माझाही व्हायचा. ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. वापरली की ती फाटणार, वरणाचा डाग पडणार, दोनचार परत येणार नाहीत. एक साधी वही कर, पुस्तक नेताना मुलाने स्वतः आपलं आणि पुस्तकाचं नाव लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने मुखपृष्ठावरचं काहीतरी काढायचं. दंड नको. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक परत आणायचंच थांबतं, आणि पुस्तकाबरोबर मूलही जातं.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुझ्या वेळापत्रकाच्या शेवटी मला तीच दिसली. 'सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्यास बक्षीस.' मीही एका वर्षी भिंतीवर तक्ता लावला होता, पुस्तकामागे एक चांदणी. दुसऱ्या आठवड्यापासून मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधायला लागली. जी मुलगी आधी एकेक पुस्तक तीन-तीनदा वाचायची, ती आता पहिलं आणि शेवटचं पान वाचून चांदणी मागायला लागली, कारण दुसऱ्यांदा वाचल्याची चांदणी नव्हती. एक सावकाश वाचणारा मुलगा यायचाच थांबला. मी तक्ता काढला, पण तो परत आला नाही. बक्षिसाचे पैसे पुस्तकांत घाल, पोरी.

पालक 'आज काय शिकवलंत?' असं दारातच विचारतील. पहिल्या दिवशी त्यांना पंधरा मिनिटं मुलांच्या मागे बसव आणि एक गोष्ट वाचून दाखव. मोठी माणसंही गप्प होऊन ऐकतात. त्यांना फक्त एकच काम सांग, रात्री झोपताना दहा मिनिटं मुलाबरोबर काहीही वाचा. ज्या आईला वाचता येत नाही, तिला मुलाने वाचून दाखवायचं. काही घरांत हे सगळ्यात छान चालतं. फी घेऊ नकोस, मूल कोण घ्यायला येणार आणि कोणाला काय खाऊन त्रास होतो हे लिहून घे, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो कुठे टाकू नकोस.

वेळ सकाळी साडेआठ ते दहा, आठवड्यातून तीनदा. आमच्याकडे मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो, तुमच्याकडे थोडं बरं, पण दुपार टाळच. सोलापुरात मी पाणी यायचा दिवसही टाळायचे, कारण त्या दिवशी मोठी मुलं भांडी भरायला घरी लागतात. दहा-बारा मुलांपेक्षा जास्त घेऊ नकोस. मेच्या मध्यात निम्मी मुलं मामाकडे जातील, तेव्हा धीर सोडू नकोस, आणि त्या दिवसांत एका बैठकीत संपणाऱ्याच गोष्टी घे. लांबलचक पुस्तक जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी ठेव. सगळी परतलेली असतात, शाळा उघडायची असते, आणि 'पुढे काय झालं' म्हणून रोज धावत येतात. शेवटचं प्रकरण शाळेच्या आदल्या दिवशी येईल असं मोजून घे.

शेजारचा मुलगा येत्या शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर एक खोकं पाठवते आहे. साठेक पुस्तकं आहेत. काहींची पानं सुटली आहेत, ती पांढऱ्या गोंदाने बोटाने पातळ लावून चिकटव आणि रात्रभर वजनाखाली ठेव. सेलोटेप लावू नकोस, तो पिवळा पडतो आणि निघताना अक्षरं घेऊन निघतो. सगळ्यात खाली सुतळीचं बंडल आणि चिमटे आहेत. चिमटे मोजून चाळीस आहेत. आणखी लागले तर प्लॅस्टिकचे नको, लाकडीच घे, कागदाला वळ पडत नाही. दोरी बांधलीस की मला फोटो पाठव, नुसत्या दोरीचा.

तुझी
काकू